मुलीची ओळ, मुलाचा रकाना

सदाशिव पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर, दिगंबररावांच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत 'स्वभावमेळ' नावाचं त्यांचं विवाहमंडळ होतं. दारावर पाटी होती : 'पत्रिका आणू नये. आणल्यास जिन्यात ठेवावी. हरवल्यास मंडळ जबाबदार नाही.' पाटी दिगंबररावांनी स्वतः रंगवली होती आणि तिच्यातला एक शब्दही कमी करायला ते तयार नव्हते. लोक ती वाचून हसायचे, चपला काढायचे आणि आत येऊन मुकाट्याने साठ प्रश्नांचा फॉर्म भरायचे.

प्रश्न साधेच असायचे. लग्नाला गेल्यावर आधी कुठे जाता, पंगतीकडे, ओळखीच्या माणसाकडे की कोपऱ्यातल्या खुर्चीकडे? बस चुकली तर दुसरीची वाट बघता की चालू लागता? साठ उत्तरं झाली की माणूस सोळा स्वभावांपैकी एकात जाऊन बसायचा. मूळ कल्पना परदेशी पुस्तकांतली, पण नावं दिगंबररावांची, घरगुती आणि झणझणीत : राखणदार, वाटाड्या, गवंडी, कारभारी अशी. एका कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलेला माणूस तो, त्याला नावं ठेवायची सवयच होती.

खरा मान होता तो भिंतीवरच्या तक्त्याला. दारापेक्षा रुंद, लॅमिनेट केलेला, सोळा ओळी आणि सोळा रकाने. प्रत्येक चौकटीत त्या दोन स्वभावांचं नातं लिहिलेलं : पूरक, आरसा, शेजार, विरोध. वाचायची रीत ठरलेली होती. मुलीचा स्वभाव डावीकडच्या ओळींत शोधायचा, मुलाचा वरच्या रकान्यांत, आणि दोन बोटं जिथे भेटतील तिथे संसार. पूरक निघालं की दिगंबरराव जाड कागदावर मेळपत्र लिहून द्यायचे. खाली 'संयोजकांचा शेरा' म्हणून एक ओळ असायची, तिथे ते 'उत्तम' लिहून सही करायचे. लोक ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावत. विरोध निघाला की चहासुद्धा न घेता दोन्हीकडची मंडळी उठत.

खराडीच्या आयटीतली पोरं-पोरी तर ह्या तक्त्यावर फिदा होती. "पत्रिका-बित्रिका आम्ही मानत नाही, सर, पण कम्पॅटिबिलिटी बघायलाच हवी," असं म्हणत ती कम्प्युटरवाल्या बॅगा मांडीवर घेऊन रांगेत बसत. अमेरिकेहून ई-मेलवर उत्तरं येत. आईबापांना कळायचं नाही की गुण जुळवणं आणि हे, ह्यात फरक काय. पण पाटी वाचून त्यांची विचारायची छाती होत नसे.

तक्ता कम्प्युटरवर टाइप केला होता उल्काने, सत्त्याण्णव साली, मंडळ सुरू झालं तेव्हा. उल्का म्हणजे दिगंबररावांची धाकटी बहीण, बारा वर्षांनी लहान, बँकेत कारकून. दिवसा बँक आणि संध्याकाळी मंडळ, अशी तिची दहा वर्षं गेली. दोनशेच्या वर लग्नांची मेळपत्रं तिच्या हाताखालून गेली. तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याविषयी विचारणाऱ्याला ती म्हणायची, "हलवायाला कधी जिलेबी खाताना पाहिलंय का तुम्ही?"

पण ते काही थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. ब्याऐंशी साली, चोविसाव्या वर्षी, तिचं एक स्थळ पक्कं होत आलं होतं. मुलगा तिला आवडला होता, तिने तसं वहिनीला सांगितलंही होतं. मग जोशीबुवांनी पत्रिका उघडली आणि कडक मंगळ काढला. "मी म्हणत नाही हो, ग्रह म्हणतात," असं ते दोनदा म्हणाले. त्यानंतर जे स्थळ आलं ते मंगळापाशी अडलं. चौथ्या नकाराच्या संध्याकाळी दिगंबर तिची पत्रिका घेऊन लकडी पुलावर गेला आणि त्याने ती फाडून नदीत सोडली. नदीला पाणी नव्हतं, त्यामुळे ते तुकडे चिखलात बराच वेळ दिसत राहिले. उल्का त्याच्या शेजारी उभी होती. आपल्याला असा भाऊ आहे ह्याचा तिला त्या दिवशी जो अभिमान वाटला, त्याच्या जोरावर तिने पुढली पंचवीस वर्षं काढली. मंडळ त्याने काढलं तेही ह्याच रागातून, हे तिला ठाऊक होतं.

वैजनाथ मंडळात आला तो मुलीसाठी. मूळचा हिंगोलीकडचा, हडपसरच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीवर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगी अपेक्षा खराडीत नोकरीला होती आणि बापाच्या हट्टाखातर आली होती. फॉर्म पुढे केला तर म्हणाली, "आधी बाबांना भरू दे. त्यांचं बरोबर आलं तर मी भरते." वैजनाथने तासभर बसून साठ उत्तरं लिहिली, दिगंबररावांनी त्याला वाटाड्या ठरवलं, आणि अपेक्षा हसून म्हणाली, "आमचे बाबा स्वारगेटलासुद्धा वाट चुकतात." पुढल्या सहा महिन्यांत तिने ऑफिसातल्याच एका मुलाशी लग्न केलं. ओळ नाही, रकाना नाही.

वैजनाथ मात्र येत राहिला. आधी मुलीच्या वतीने माफी मागायला आला. मग प्रिंटर कुरकुरत होता म्हणून, मग दाराची कडी बसत नव्हती म्हणून. मंडळातल्या सगळ्या वस्तू वर्षभर आळीपाळीने बिघडत होत्या, आणि त्यातल्या निदान दोन उल्कानेच बिघडवल्या होत्या. तो काम करायचा, ती चहा द्यायची, आणि दोघं अखंड भांडायची. चहात साखर किती, पुण्यात बोलतात ते मराठी की टोमणे, शेंगदाण्याचं कूट आमटीत घालावं की नाही. इतकं मोकळं भांडायला तिला आयुष्यात कुणी मिळालं नव्हतं. एका शनिवारी त्याने पाना खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हे असंच हडपसरला येऊन भांडाल का?" उल्काने बशी पुसता पुसता हो म्हटलं. एकोणपन्नासाव्या वर्षी वेळ कशाला घालवायचा?

त्याच संध्याकाळी तिने दादाला सांगितलं. तो खूश झाला, अगदी मनापासून. मग सवयीने उठला, कपाटातून दोघांचे फॉर्म काढले आणि तक्त्यापाशी गेला. डावं बोट राखणदाराच्या ओळीवर, कारण उल्का राखणदार. उजवं बोट वाटाड्याच्या रकान्यावर. बोटं भेटली आणि त्याचा चेहरा उतरला.

"विरोध," तो म्हणाला. "उल्के, हे होणे नाही."

तिला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. तो करत नव्हता. त्याने तिला समोर बसवून नीट समजावलं, जसं रोज इतरांना समजवायचा तसंच. विरोधात पहिली दोन वर्षं ओढ असते, मग एकमेकांची सावली नको होते. आत्ताच बघ, तुम्ही भेटलात की भांडता. आणि मंडळाच्या चालकाची सख्खी बहीण विरोधात लग्न करते म्हटल्यावर ह्या तक्त्याला कोण विचारील? "मी म्हणत नाहीये हे," तो शेवटी म्हणाला. "तक्ता म्हणतोय." उल्का उठली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता, पण कुणाचा, ते तिला अजून नीट कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वैजनाथ सकाळीच पंख्याचं बेअरिंग घेऊन आला, तसं आधीच ठरलं होतं. दिगंबरराव आणि वहिनी कुणाच्या तरी मुंजीला गेले होते. तो स्टुलावर चढला आणि उल्काने खालून त्याला सगळं सांगून टाकलं. विरोध निघाला, दादा येणार नाही, सही करणार नाही.

वैजनाथ खाली उतरला, हात पुसले आणि तक्त्यासमोर उभा राहिला. "कुठं लिवलंय?"

"शोधा की. वाटाड्या आणि राखणदार."

त्याने चष्मा लावला. कुठलाही शहाणा माणूस आधी स्वतःला शोधतो, तसं त्याने डावीकडच्या ओळींत वाटाड्या शोधला, मग वरच्या रकान्यांत राखणदार. वेळ लागला, बोट दोनदा घसरलं. "हितं तर पूरक हाय," तो म्हणाला.

"उलटं वाचताय तुम्ही. मुलगी ओळीत बघायची असते."

"कामून? नातं एकच ना दोघांचं? हिकडून पूरक अन् तिकडून विरोध, असं कसं व्हईल?"

उल्का उत्तर द्यायला गेली आणि तिने स्वतःच तक्त्यावर दोन्ही बोटं ठेवून बघितली, आधी इकडून, मग तिकडून. दहा वर्षं. शेकडो लोक त्या भिंतीसमोर उभे राहिले, डॉक्टर, इंजिनियर, रोज कम्प्युटरात चुका हुडकणारी पोरं, आणि एकानेही मुलाला ओळीत घालून बघितलं नव्हतं. तिने खालच्या कपाटातून दादाची मूळ हस्तलिखित वही काढली. वहीत आठवा रकाना वाटाड्या, नववा गवंडी. भिंतीवर आठवा गवंडी, नववा वाटाड्या. खालच्या चौकटी आणि डावीकडच्या ओळी जिथल्या तिथे होत्या, वरची दोन नावं तेवढी तिच्या हातून अदलाबदल झाली होती, सत्त्याण्णव सालच्या कुठल्या तरी दमलेल्या संध्याकाळी.

"म्हंजी आपण पूरक," वैजनाथ खूश होऊन म्हणाला. "मिटलं की. दाखवा भावाला."

उल्कालाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पोटात गार वाटलं. मिटलं, दादा येईल, मेळपत्र मिळेल. मग त्या गारव्याचीच तिला चीड आली. चोविसाव्या वर्षी मंगळ नसता तर असंच गार वाटलं असतं. आपण बाई आहोत की पार्सल, की दर वेळी कुणी तरी शिक्का मारल्यावरच पुढे जायचं? तिने मंडळाची नोंदवही ओढली आणि दुपारपर्यंत बसून वाटाडे आणि गवंडी वरांची लग्नं शोधून काढली. एकतीस निघाली. तक्त्याने पूरक म्हटलेली, आणि प्रत्यक्षात भलतीच काहीबाही असलेली. त्यातली दोन मोडली होती. बाकीच्यांचे पेढे आले होते, बारशाची आमंत्रणं आली होती, एकाचं तर दर दिवाळीला भेटकार्ड येई. उरलेल्या, बरोबर जुळवलेल्या लग्नांत मोडण्याचं प्रमाण ह्याहून कमी नव्हतं. वैजनाथने तोवर पंखा बसवला, भात-पिठलं केलं आणि तिच्याशी अजिबात भांडला नाही.

दुपारी दिगंबरराव परतले. वहिनी आत पाणी प्यायला गेली, ते मुंजीतला लाडू कागदात बांधून आणला होता तो उल्काच्या पुढे ठेवत होते.

"दादा," ती म्हणाली, "मी ह्यांच्याशी लग्न करतेय. उद्या नोटीस देणार आहोत. तू येशील ना साक्षीदार म्हणून?"

"काल बोललो आपण."

"काल तू बोललास. मी ऐकत होते. आज विचारतेय. विरोध आहे, तक्त्यावर लिहिलंय, मी नाही म्हणत नाही. तरी येशील का?"

दिगंबरराव खुर्चीत बसले. त्यांनी वैजनाथकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "मला जमणार नाही. तुझ्यावर राग नाही माझा. पण मी ह्या खुर्चीत बसून लोकांना जे सांगतो, त्याला काही अर्थ राहायला हवा की नको?"

"ब्याऐंशी साली जोशीबुवाही हेच म्हणाले होते. मी म्हणत नाही, ग्रह म्हणतात."

"ते थोतांड होतं, उल्के. हे शास्त्र आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"बरं. मग आता वाटाड्याच्या ओळीत राखणदार बघ."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण उठले. बोट ओळीवर ठेवलं, दुसरं रकान्यावर. बोटं भेटली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. उल्काने मूळ वही उघडून त्यांच्या हाताशी ठेवली. खोलीत दुरुस्त झालेला पंखा आवाज न करता फिरत होता आणि ते वही आणि भिंत, भिंत आणि वही असं पाहत राहिले.

"माझ्या हातून झालंय," उल्का म्हणाली. "चूक माझी. दहा वर्षं मुलाला कुणी ओळीत घातलं नाही, म्हणून सापडली नाही. ती पद्धत तुझी."

"अगं, पण मग ती लग्नं," ते म्हणाले. "ते सगळे गवंडी. वाटाडे. मी त्यांना लिहून दिलंय, उल्के. सही करून."

तिने नोंदवही पुढे सरकवली. एकतीस नावं, पुढे दोन फुल्या, बाकी सुखरूप. "कुणालाही पत्र पाठवायचं नाही. नांदती घरं आहेत ती. तू त्यांना जाऊन सांगणार, की तुमचं जमायला नको होतं?"

दिगंबररावांनी यादी दोनदा वाचली. त्यांच्यासारख्या माणसाला त्या दोन फुल्यांचा अर्थ कळला नसेल असं नाही. कळला, पण तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला तो लगेच गिळता येईना, आणि त्यांनी हाताला लागेल ती काडी धरली. चेहरा एकदम उजळला. "पण एक बरं झालं बघ. म्हणजे तुम्ही पूरक आहात. दोघं पूरक! अगं मग प्रश्नच मिटला. माझी काही हरकत नाही. बसा हो वैजनाथराव, उभे का? कार्यालय बघू आपण, मी आत्ता मेळपत्र लिहितो."

ते खरंच कपाटाकडे निघाले, जाड कागद काढायला. उल्काला कालपासून जे कळत नव्हतं ते तेव्हा कळलं. नकाराचा संताप कालचा होता. हा होकार त्याहून वाईट होता.

"थांब," ती म्हणाली. "तुझी हरकत नाही, हे मला नकोय."

"म्हणजे?"

"पाच मिनिटांपूर्वी मी तीच होते, हेही तेच होते. तू यायला तयार नव्हतास. आता दोन नावं इकडची तिकडे झाली तर कार्यालय बघायला निघालास. दादा, माझी पत्रिका तू फाडलीस ना रे? मंगळ उतरवलास आणि त्याच खिळ्याला हे टांगलंस." तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे हात केला. "मला पूरक नकोय. मेळपत्र लिही, जरूर लिही. पण त्यावर विरोध लिही. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. विरोध असलेल्या बहिणीच्या लग्नाला येणार असशील तर ये. पूरक बहिणीच्या लग्नाला कुणीही येईल."

"पण ते चूक आहे," दिगंबरराव काकुळतीने म्हणाले. "वहीप्रमाणे तुम्ही पूरक आहात. मी खोटं कसं लिहू?"

आतून वहिनी पदराला हात पुसत आली होती. दहा वर्षांत ती मंडळाच्या खोलीत बोललेली कुणी ऐकली नव्हती. "आपणही पूरक आहोत ना?" तिने नवऱ्याला विचारलं. "माझ्या साठ प्रश्नांची उत्तरं तुम्हीच सांगितली होती. मी नुसत्या खुणा केल्या." एवढं बोलून ती लाडवाचा कागद उचलून पुन्हा आत गेली.

नोटिशीचे तीस दिवस भाऊ-बहीण बोलले नाहीत. उल्का संध्याकाळी मंडळात गेली नाही. बोळातून जाणारे सांगत, की तक्ता भिंतीवर आहे, पण वरची दोन नावं कागद चिकटवून झाकली आहेत, आणि सर लोकांना दोन्हीकडून वाचायला लावतात. वैजनाथ एकदा भीत भीत म्हणाला, "सोडा की मॅडम. लिवू द्या त्यांना पूरक. आपलं काय जातंय?" "तुमचं जात नसेल," उल्का म्हणाली, आणि त्यावरून दोघांचं हडपसरच्या बसस्टॉपवर झकास भांडण झालं.

विवाह नोंदणीच्या कार्यालयात बाकावर चौघं बसली होती : उल्का, वैजनाथ, अपेक्षा आणि सकाळीच जरीचं लुगडं नेसून एकटी आलेली वहिनी. कारकुनाने नोटीस तपासली, महिनाभरात कुणाची हरकत आलेली नाही असं पुटपुटला आणि विचारलं, "साक्षीदार दोनच? तीन लागतात. बाहेरून कुणाला तरी बोलवा, आमची जेवणाची सुट्टी होईल."

अपेक्षा उठत होती, तेवढ्यात दारात दिगंबरराव दिसले. इस्त्रीचा सदरा, हातात लांबट पाकीट, जिना चढून लागलेली धाप. ते आत आले नाहीत. त्यांनी उंबऱ्यातूनच पाकीट पुढे केलं आणि उल्का उठून त्यांच्यापाशी गेली.

जाड कागद होता, नेहमीचाच. वधू : उल्का, राखणदार. वर : वैजनाथ, वाटाड्या. संबंध : विरोध. अक्षर दादाचं होतं आणि त्या शब्दावर पेन जरा जास्तच दाबलं गेलं होतं. खाली संयोजकांच्या शेऱ्याच्या जागी 'उत्तम' नव्हतं. तिथे लिहिलं होतं : 'हरकत घेण्याचा मला अधिकार नव्हता.' मग सही, तारीख.

उल्काने ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत. कागद वैजनाथच्या हातात दिला, भावाला दंडाला धरून आत आणलं आणि नोंदणीचं पुस्तक त्याच्यापुढे फिरवलं. तिसऱ्या साक्षीदाराची ओळ रिकामी होती. दिगंबररावांनी सवयीने थेट त्या ओळीवर पेन टेकवलं.

"दोन्ही नावं वाच आधी," उल्का म्हणाली. "इकडूनही आणि तिकडूनही. मग सही कर."

त्यांनी वाचली, आणि मग सही केली.